संत झालेली मुलं आणि एका नऊ वर्षांच्या मुलाचा प्रश्न

सांजवात · रविवार रात्र

चर्चमधली मिस्सा (सामुदायिक उपासना) झाल्यावर मी लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. आठ-नऊ वर्षांची मुलं आहेत. आज त्यांना संत झालेल्या मुलांबद्दल सांगत होते. दोमिनिक साव्हिओ चौदाव्या वर्षी गेला, मारिया गोरेत्ती अकराव्या, पोर्तुगालमधल्या फातिमाचा, मरियामातेचं दर्शन झालेला फ्रान्सिस्को दहाव्या आणि त्याची बहीण जसिंता नवव्या. मुलं अगदी शांत बसून ऐकत होती. मला वाटलं, वर्ग छान रंगलाय. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "टीचर, संत व्हायला लहानपणीच मरावं लागतं का?"

"नाही रे, तसं काही नसतं," म्हणून मी पुढे गेले. पण ते उत्तर माझं मलाच पटलेलं नाही. घरी येऊन यादी पुन्हा डोळ्यांखालून घातली. बालसंत म्हणून आपण ज्यांना ओळखतो ती सगळी मुलं बालपणीच गेलेली आहेत, आणि दुसरं काही असूच शकत नाही. जगलं असतं तर ते मूल मोठं झालं असतं, मग ते 'बालसंत' राहिलं नसतं. एवढं सरळ गणित इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही?

मी श्रद्धेने विचारतेय. या मुलांवर माझं प्रेम आहे. पण त्या मुलाला पुढच्या रविवारी खरं उत्तर द्यायचंय. मुलांमधलं संतपण चर्चने नेमकं कशात पाहिलं? इतिहास माहीत असणाऱ्यांनी लिहा, आणि फक्त मनातलं असेल तर तेही लिहा.

पोथीवाचक · सोमवार

ताई, या यादीच्या अगदी उगमाशी काहीच न केलेली मुलं आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात येतं की हेरोद राजाने बेथलेहेम आणि आसपासचे दोन वर्षांखालचे मुलगे मारून टाकले. पश्चिमेकडे त्यांचा सण २८ डिसेंबरला, पूर्वेकडच्या चर्चमध्ये २९ डिसेंबरला. म्हणजे नाताळाचे दिवे अजून उतरले नसताना.

किती मुलं होती? बायझंटाइन उपासनेत १४,००० म्हटलंय, मध्ययुगात काहींनी १,४४,००० पर्यंत आकडा नेला. बेथलेहेम तेव्हा लहानसं गाव होतं, त्यामुळे आजचे अभ्यासक विशीच्या आत-बाहेर थांबतात. हेरोदाची क्रूर कृत्यं तपशिलाने नोंदवणारा इतिहासकार जोसिफस या घटनेचा उल्लेख करत नाही, म्हणून ती घडली का यावरही वाद आहे. मला मात्र आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही मुलं ख्रिस्ताला ओळखत नव्हती. त्यांनी विश्वास कबूल केला नाही, त्यांचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नव्हता, त्यांना बोलताही येत नसेल. तरी चर्चने त्यांना रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी प्राण दिलेले, मानलं, रक्तातच त्यांचा स्नानसंस्कार झाला असं म्हटलं. चौथ्या शतकाच्या शेवटी लिहिणाऱ्या प्रुदेन्तियस या कवीने त्यांना 'रक्तसाक्ष्यांची फुलं' म्हटलं, आणि त्या ओळी लॅटिन प्रार्थनेत शतकानुशतकं गायल्या गेल्या.

तेव्हा तुमच्या वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाचं सर्वांत जुनं उदाहरण हेच. यात मूल संत 'झालं' नाही, मोठ्यांच्या क्रौर्यात सापडलं.

तांबडमाती · सोमवार

मग याला संतपद म्हणावं तरी कशाला? निष्पाप बाळं मारली गेली, याला हत्याकांड म्हणतात. त्याला फुलांची उपमा दिली की आईचा आक्रोश ऐकू येईनासा होतो. मला हे फार वर्षांपासून खुपतंय.

पोथीवाचक · सोमवार

तांबडमाती, आक्रोश त्याच उताऱ्यात आहे. मत्तय तिथे यिर्मया संदेष्ट्याचं वचन आणतो: राहेल मुलांसाठी रडतेय आणि तिचं सांत्वन होत नाही, कारण ती मुलं आता नाहीत. उताऱ्यात तिचं सांत्वन कोणी करतही नाही. जुन्या रोमन प्रथेत या दिवशी जांभळी वस्त्रं घालत आणि आनंदाचं 'ग्लोरिया' हे स्तोत्र म्हणत नसत, तेही याच शोकामुळे. आता लाल वस्त्रं असतात. पण तुमचं खुपणं मला चुकीचं वाटत नाही.

दूरचा_दिवा · सोमवार

चर्चची रीत थोडी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. स्नानसंस्कार झालेलं अगदी लहान मूल गेलं तर ते देवाजवळच आहे, ही कॅथलिक श्रद्धा. चर्चच्या कायद्यात सात वर्षं हे समज येण्याचं वय धरलंय. त्याआधी पाप लागत नाही, पण विचारपूर्वक केलेलं पुण्यही धरता येत नाही. तेव्हा संतपद हा स्वर्गाचा दाखला असता, तर लाखो मुलांची नावं द्यावी लागली असती. संतपद जाहीर होतं ते मागे राहिलेल्यांसाठी: हिच्याकडे बघा, हिच्याकडे प्रार्थना मागा.

त्याला मुख्यतः दोन वाटा. एक रक्तसाक्ष्याची. दुसरी सद्गुण असामान्य धैर्याने जगल्याची: श्रद्धा, आशा, प्रीती, आणि त्यासोबत विवेक, न्याय, धैर्य, संयम. मुलांची अडचण दुसऱ्या वाटेवर आली. दहा वर्षांच्या मुलाचा विवेक कसा मोजणार? तो शहाणा आहे की नुसता आज्ञाधारक? १९३७ मध्ये पोप अकरावे पायस यांच्या काळात ठरलं की अल्पवयीन मुलांची प्रकरणं घ्यायचीच नाहीत, कारण हे सद्गुण दीर्घकाळ आणि समजून पाळणं त्यांना शक्य नाही. हे दार १९८१ मध्ये उघडलं, तेही फातिमाच्या दोन मुलांमुळे. जगभरातल्या बिशपांनी त्यांच्यासाठी रोमला पत्रं लिहिली होती. मुलाची पवित्रता मुलाच्याच मापाने पाहायची, हे तेव्हा मान्य झालं.

दोमिनिक साव्हिओचं प्रकरण या बंदीच्या आधीपासून पुढे सरकलेलं होतं, म्हणून तो १९५४ मध्ये संत होऊ शकला.

मधली_सुट्टी · सोमवार रात्र

साव्हिओचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगते. मी स्वतः शिक्षिका आहे, मला तो फार जवळचा.

१८४२ सालचा जन्म, वडील लोहार, आई शिवणकाम करायची. बाराव्या वर्षी तो तुरिनला डॉन बॉस्को या धर्मगुरूंच्या वसतिगृहात आला. पहिल्या भेटीत म्हणाला की मी कापड आहे, तुम्ही शिंपी व्हा आणि देवासाठी चांगला अंगरखा शिवा. शिवणाऱ्या बाईचं पोर, त्याला दुसरी उपमा कुठून सुचणार! पुढे एका प्रवचनात संत होणं सोपं आहे असं ऐकलं आणि तो त्याच ध्यासाने झपाटला. खेळणं सोडलं, हिवाळ्यात पातळ पांघरूण घेऊन झोपू लागला, अंथरुणात टोचणाऱ्या वस्तू ठेवू लागला.

आणि डॉन बॉस्कोंनी त्याला थांबवलं. माझ्या परवानगीशिवाय एकही तप करायचं नाही, असं बजावलं. आनंदी राहा, अभ्यास आणि प्रार्थना नीट कर, सोबतच्या मुलांबरोबर खेळ, हाच तुझा मार्ग. थंडी, आजार, जे आपसूक येईल ते सहन कर, तेवढं पुरे. मूल देवासाठी स्वतःला त्रास करून घेतंय हे दिसल्यावर त्याचं कौतुक करत बसण्याऐवजी त्याच्या अंगावर पांघरूण घालणारा एक मोठा माणूस त्याला भेटला. साव्हिओच्या गोष्टीत मला हा पांघरुणाचा भाग सर्वांत मोठा वाटतो. नऊ वर्षांच्या मुलांना हाच सांगा, ताई.

सांजवात · सोमवार रात्र

मधली_सुट्टी, तप थांबवल्याचं मी वर्गात कधी सांगितलंच नव्हतं. दोन मुलं दगड घेऊन भांडायला निघाली आणि साव्हिओ क्रूस घेऊन मध्ये उभा राहिला, एवढीच गोष्ट दर वर्षी सांगते. आता हीही सांगेन.

अनामवाटसरू · मंगळवार

रोमन काळातल्या मुलांबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. संत अ‍ॅग्नेस, रोम, सण २१ जानेवारी. संत अम्ब्रोज तिचं वय बारा सांगतात. पण ते तिच्या मृत्यूनंतर काही दशकांनी लिहितात. त्यांच्या लेखनात ती तलवारीने मरते, पोप दामाससच्या शिलालेखात आगीचा उल्लेख येतो. दोघंही जवळजवळ एकाच काळातले, तरी तपशील जुळत नाही. तिचा मान मात्र फार जुना आहे, त्याबद्दल शंका नाही.

तार्सिसियसचं आणखी गमतीचं आहे. वेदीसेवक मुलांचा हा आश्रयदाता संत. ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घेऊन जाताना जमावाने घेरलं, त्याने ते हातून सोडलं नाही आणि जीव दिला. हे सगळं आपल्याला दामाससच्याच काही ओळींमधून कळतं, आणि त्यात त्याचं वय नाही! तिथे त्याची तुलना पहिला रक्तसाक्षी स्तेफन याच्याशी केलीय, म्हणून तो मोठा माणूस, कदाचित डीकन (धर्मगुरूचा दीक्षित सहायक) असावा असं काहींना वाटतं. कोवळा मुलगा म्हणून तो लोकांच्या मनात ठसला तो मुख्यतः १९व्या शतकातल्या एका लोकप्रिय कादंबरीमुळे. आपल्याला बालसंत हवा होता, आपण त्याचं वय कमी केलं.

पोथीवाचक · मंगळवार

'आपल्याला बालसंत हवा होता.' अनामवाटसरू, या वाक्याचं सर्वांत काळं उदाहरण लिहिल्याशिवाय हा धागा प्रामाणिक राहणार नाही. वाचायला जड आहे, पण लिहितो.

१४७५, उत्तर इटलीतलं ट्रेंट. पवित्र आठवड्यात सिमोन नावाचं दोन-अडीच वर्षांचं मूल नाहीसं झालं. ईस्टरच्या दिवशी त्याचा देह एका ज्यू घराच्या तळघरातल्या पाण्यात सापडला, आणि ज्यूंनीच तो अधिकाऱ्यांना कळवला. त्यांनाच पकडण्यात आलं. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांना मारून त्यांचं रक्त सणासाठी वापरतात, ही खोटी आणि विषारी गोष्ट तोपर्यंत युरोपात तीनशे वर्षं फिरत होती. तिची सुरुवात इंग्लंडमधल्या नॉरिचमध्ये. तिथे ११४४ मध्ये विल्यम नावाचा बारा वर्षांचा मुलगा मेलेला सापडला होता, आणि काही वर्षांनी एका मठवाशाने त्याला रक्तसाक्षी ठरवणारा ग्रंथ लिहिला. १२५५ मध्ये लिंकनचा नऊ वर्षांचा ह्यू. त्यात एकोणीस ज्यूंना मृत्युदंड झाला.

ट्रेंटमध्ये पकडलेल्यांचा अमानुष छळ झाला. छळात जे हवं ते वदवून घेतलं गेलं. डझनाहून अधिक ज्यू पुरुष मारले गेले. पोप चौथे सिक्स्टस यांनी चौकशीला एक बिशप पाठवला होता, त्याने खटला सदोष असल्याचं सांगितलं. पण तिथला राजबिशप हिंडरबाख हटला नाही. छपाई नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे बाळ सिमोनची चित्रं आणि पत्रकं दूरदूर गेली. १५८८ मध्ये या उपासनेला रोमची मान्यता मिळाली. ती रद्द झाली १९६५ मध्ये. म्हणजे ४९० वर्षं एका मेलेल्या बाळाच्या नावावर खोटं बोललं गेलं.

सिमोन खराच होता. त्याची आई खरी होती. तो कसा गेला हे कधीच कळलं नाही, कारण ते शोधायचं कोणाला नव्हतं.

तांबडमाती · मंगळवार

हे वाचून काही वेळ स्क्रीन बंद करून बसलो. धन्यवाद, पोथीवाचक. १९६५ म्हणजे फारच उशीर.

दूरचा_दिवा · मंगळवार

उशीर, आणि तोही सगळीकडे संपलेला नाही. ऑस्ट्रियातल्या रिनमध्ये आंडर्ल नावाच्या मुलाची अशीच उपासना होती, ती तिथल्या बिशपांनी १९९४ मध्ये बंद केली. ऑर्थोडॉक्स परंपरेत बियालिस्तोकच्या सहा वर्षांच्या गाव्रिलचा मान आजही टिकून आहे, आणि त्याच्यामागेही रक्ताचीच खोटी कथा आहे.

याच्या उलट्या टोकाची एक घटना सांगतो. २४ मार्च १९४४, पोलंडमधलं मार्कोवा गाव. उल्मा नावाच्या शेतकरी कुटुंबाने आठ ज्यूंना घरात लपवलं होतं. जर्मन पोलिसांनी आधी त्या ज्यूंना, मग नवराबायकोला आणि मग त्यांच्या मुलांना गोळ्या घातल्या. सहा मुलं, सगळी दहाच्या आतली. सातवं आईच्या पोटात. १० सप्टेंबर २०२३ रोजी या सगळ्यांना एकत्र 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, नाव न ठेवलेल्या त्या बाळासह. आईच्या मृत्यूच्या वेळी ते जन्मत होतं असं रोमच्या संबंधित विभागाने स्पष्ट केलं, आणि त्याला बेथलेहेमच्या बाळांसारखा रक्ताचा स्नानसंस्कार मिळाला असं म्हटलं. सुरुवातीला पोथीवाचकांनी सांगितलेला विचार इतक्या शतकांनी पुन्हा लागू झाला. इथे मुलांची नावं घेतली जातात ती ज्यूंना वाचवणाऱ्या घरातली मुलं म्हणून.

रेवती_अ · मंगळवार रात्र

मला मारिया गोरेत्तीबद्दल बोलायचंय. बरेच दिवस मनात आहे.

१८९० चा जन्म. बाप मलेरियाने गेला. दलदलीच्या भागात आई दुसऱ्याच्या शेतात राबायची आणि मारिया घर व लहान भावंडं सांभाळायची. ५ जुलै १९०२ ला त्याच घरात राहणाऱ्या वीस वर्षांच्या आलेस्सांद्रोने तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न केला. तिने विरोध केला, त्याने चौदा वार केले. दुसऱ्या दिवशी ती गेली, जाण्याआधी त्याला क्षमा करून.

तिची गोष्ट आम्हा मुलींना कशी सांगितली गेली? 'शील जाण्यापेक्षा तिने मरण पत्करलं.' पंधराव्या वर्षी हे ऐकताना माझ्या वर्गात एक मुलगी होती, जिच्यावर घरातच अत्याचार झाला होता. तिने ते मला खूप वर्षांनी सांगितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी मला वाटलं, मी जिवंत आहे हेच माझं पाप." हे वाक्य मी विसरू शकत नाही. मारियाला संत मानणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावं असं मला वाटतं.

मधली_सुट्टी · मंगळवार रात्र

रेवती, तुझ्या मैत्रिणीला माझ्याकडून एक मिठी. अगं, हे चर्चच्या जुन्या शिकवणुकीलाही धरून नाही. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच ठामपणे लिहिलंय की जिच्यावर जबरदस्ती झाली तिचं पावित्र्य जात नाही, कारण पावित्र्य मनाच्या संमतीत असतं. अत्याचार सोसून जगलेली मुलगी मारियाहून तसूभरही कमी नाही. हे वर्गात न सांगता मारियाची गोष्ट सांगूच नये.

सांजवात · मंगळवार रात्र

रेवती, मी हीच गोष्ट अशीच सांगत आलेय. 'पवित्रतेसाठी प्राण दिले' असं फळ्यावर लिहिलंय. तुझं वाचून हात थरथरले. आठ-नऊ वर्षांच्या त्या बाकांवर कोण काय सोसतंय, मला काय ठाऊक?

मला आता तिच्या गोष्टीत सर्वांत खरं वाटतं ते तिचं स्वतःचं बोलणं. ती त्याला ओरडून सांगत होती की हे पाप आहे, देवाला हे नकोय, असं करू नकोस. मरताना म्हणाली की तोही माझ्याबरोबर स्वर्गात असावा. आलेस्सांद्रोने सत्तावीस वर्षं तुरुंगवास भोगला. सुटल्यावर मारियाच्या आईकडे गेला, आणि त्या माउलीनेही त्याला क्षमा केली. १९५० मध्ये मारिया संत झाली तेव्हा आई आस्सुंता तिथे हजर होती. पण अकरा वर्षांच्या मुलीने क्षमा केली म्हणून प्रत्येक सोसलेल्या मुलीने करावी, असंही मी आता कोणाला सांगणार नाही.

अनामवाटसरू · बुधवार

आणखी एक कठीण नाव. मेक्सिकोतल्या त्लाश्कालाचा क्रिस्तोबाल, बारा-तेरा वर्षांचा. तो एका स्थानिक सरदाराचा मुलगा, फ्रान्सिस्कन मठात शिकायला गेलेला. घरी येऊन बापाच्या मूर्ती फोडू लागला, आणि १५२७ मध्ये बापानेच त्याला मारलं. दोन वर्षांनी अंतोनिओ आणि हुआन ही मुलं मूर्ती गोळा करताना मारली गेली. तिघांना २०१७ मध्ये संतपद मिळालं.

मुलांचं धैर्य मी नाकारत नाही. पण मुलांना घरापासून तोडून त्यांच्याच लोकांच्या देवांवर पाठवणारे मोठे कोण होते? स्पॅनिश विजयाला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. बापाचा गुन्हा माफ होत नाही, पण त्या मुलांच्या खांद्यावर दोन्ही बाजूंच्या मोठ्यांनी ओझं टाकलं होतं असं मला वाटतं.

दूरचा_दिवा · बुधवार

ओझ्याचं पटलं. तरी त्यांना निव्वळ मोठ्यांच्या हातातली बाहुली म्हणायला मी तयार नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःचं मन असतं. जपानमध्ये नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यात लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. धर्म सोड, तुला वाचवतो, असं अधिकाऱ्याने त्याला सांगून पाहिलं होतं. तो बधला नाही. त्याचं 'नाही' त्याचंच होतं. मुलाचा निर्णय मोठ्यांच्या सोयीचा असो वा नसो, तो त्याचा असू शकतो, एवढं तरी आपण मानलं पाहिजे.

शुभ्रा_ · बुधवार रात्र

मी लहान मुलांच्या कर्करोग विभागात अनेक वर्षं परिचारिका होते. म्हणून मला बोलायचंय ते नेन्नोलिनाबद्दल.

अंतोनियेत्ता मेओ, रोमची, जन्म १९३०. हाडाचा कर्करोग झाला, १९३६ मध्ये पाय कापावा लागला. त्या वर्षीच्या नाताळात तिने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला आणि ३ जुलै १९३७ ला ती गेली. सहा वर्षं आणि काही महिन्यांचं आयुष्य. तिने येशूला शंभराहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या. आधी ती सांगायची आणि आई लिहायची, मग अक्षरं शिकल्यावर स्वतः लिहू लागली. रात्री ती चिठ्ठी पलंगाच्या पायथ्याशी बाळयेशूच्या मूर्तीखाली ठेवायची, त्याने वाचावी म्हणून. 'प्रिय येशू' अशी सुरुवात. २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी तिचे असामान्य सद्गुण मान्य केले. दूरचा_दिवा म्हणाले ते सात वर्षांचं माप तिच्यापुरतं बाजूला ठेवलं गेलं.

मला एक गोष्ट माहीत आहे. आजारी मुलं मोठ्यांना सांभाळतात. आई रडू नये म्हणून दुखत नाही असं सांगतात. त्यामुळे 'हसतमुखाने सोसलं' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कोणासमोर? चिठ्ठ्यांचं मोल मला याचसाठी वाटतं. त्यात ती येशूशी बोलते, त्याला तिची काळजी घ्यायला सांगते, शिस्तीने वागायचं वचन देते, लाड करते. तिथे ती मूलच आहे.

फातिमाच्या जसिंताची गोष्ट वाचताना माझा जीव कासावीस होतो. १९१८ च्या फ्लूच्या साथीत दोघं भावंडं आजारी पडली. फ्रान्सिस्को ४ एप्रिल १९१९ ला घरीच वारला. जसिंताला लिस्बनच्या रुग्णालयात नेलं, पूर्ण भूल न देता दोन बरगड्या काढल्या. २० फेब्रुवारी १९२० च्या रात्री ती गेली तेव्हा जवळ घरचं कोणी नव्हतं. तिने हे पाप्यांसाठी वाहिलं म्हणतात आणि मी ते मानते. पण तिचा हात धरायला कोणीतरी असायला हवं होतं.

सांजवात · बुधवार रात्र

शुभ्रा, 'कोणासमोर?' हा प्रश्न माझ्याजवळ राहील.

पोथीवाचक · गुरुवार

रशियातली एक कथा सांगून मी थांबतो. वेर्कोला गावचा आर्तेमी. १५४५ मध्ये बारा वर्षांचा असताना वडिलांबरोबर शेतात काम करत होता, वीज पडली आणि गेला. गावाने काय मानलं? अवचित मरण म्हणजे देवाचा कोप. त्याला रीतसर पुरलंही नाही. देह रानात ठेवला, वर फांद्या टाकल्या, कुंपण घातलं आणि सगळे विसरले. १५७७ मध्ये एका चर्चसेवकाला तिथे उजेड दिसला आणि अखंड देह सापडला, असं परंपरा सांगते. गावाने तो चर्चमध्ये आणला, पुढे तिथे मठ उभा राहिला.

आर्तेमी कोणासाठी मेला नाही. विश्वासाखातर मारला गेला नाही, दृष्टान्त झाले नाहीत. कष्टाळू, शांत पोर होतं एवढंच सांगतात. ज्या पोराला गावाने शापित ठरवून टाकून दिलं, त्यालाच तीस-बत्तीस वर्षांनी उचलून आणलं. मला त्याच्या संतपदात गावाचा पश्चात्ताप दिसतो.

तांबडमाती · गुरुवार

हे मात्र पटलं. पूर्ण पटलं.

ताई, कार्लो अक्युतिसचं नाव अजून कसं आलं नाही? मुलांना तोच जवळचा वाटेल. १९९१ ते २००६, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, ७ सप्टेंबर २०२५ ला पोप चौदावे लिओ यांनी संत घोषित केलं. जीन्स आणि बूट घातलेला संत. ख्रिस्तप्रसादाशी निगडित चमत्कारांची वेबसाइट त्याने स्वतः केली होती.

सांजवात · रविवार रात्र

आज वर्ग झाला.

फळ्यावरचं जुनं वाक्य पुसलं. साव्हिओचं पांघरूण सांगितलं. नेन्नोलिनाच्या चिठ्ठ्या सांगितल्या, तर दोन मुलींनी तिथल्या तिथे वही फाडून लिहायला घेतलं. मग त्या मागच्या बाकावरच्या मुलाला म्हटलं, तू मागच्या वेळी विचारलंस त्याचं उत्तर मी नीट दिलं नव्हतं, आज देते. आणि ल्युसियाची गोष्ट सांगितली.

फातिमाला १९१७ मध्ये मुलं तीन होती. फ्रान्सिस्कोला मरियामातेचं दर्शन व्हायचं, पण शब्द ऐकू यायचे नाहीत. जसिंता पाहायची आणि ऐकायची. बोलायची ती त्यांची दहा वर्षांची मामेबहीण ल्युसिया. दोघं गेली आणि ती मागे उरली. ती जोगीण झाली, म्हातारी झाली, १३ फेब्रुवारी २००५ ला सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. त्या दोघांबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं तिनेच आठवून लिहिलंय. ती जगली नसती तर ती दोघं कशी हसायची, कशावरून रुसायची, हे कोणाला कळलं असतं?

त्याने लगेच विचारलं, "मग ती संत झाली?"

म्हटलं, अजून नाही. २०२३ मध्ये एक पायरी पुढे गेलीय.

"ती मोठी झाली म्हणून उशीर?"

म्हटलं, तिची पत्रं आणि कागद मिळून पंधरा हजारांहून अधिक पानं भरली. इतकी वर्षं जगली ना, तिचं वाचायलाच वेळ लागतोय.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "टीचर, मलापण तेवढी पानं पाहिजेत."